वर्गात पाव करायचा, तर शिकवायचं काय?

छोट्या मुलांबरोबर वर्गात पाव करण्याच्या प्रकल्पाबद्दल शिक्षक-पालकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

दुसरीच्या वर्गासाठी आठवड्याचा प्रकल्प आखते आहे. गणित, विज्ञान, भाषा, इतिहास, चित्रकला, संगीत असं सगळं त्यात कसं बसवू?

सगळं बसवू नका, ही कळकळीची विनंती. पावाचं चित्र रंगवलं की चित्रकला झाली, पावावर गाणं म्हटलं की संगीत झालं, असे तक्ते भरायला सोपे असतात, पण मुलांच्या पदरात त्यातून फारसं काही पडत नाही. विषय घ्यायचा की नाही हे ठरवताना एवढंच विचारा: त्याच्यावाचून पाव अडतो का? मोजमापावाचून अडतो. कृती वाचता आली नाही तर अडतो. पीठ का फुगलं नाही हे शोधायला विज्ञान लागतंच. म्हणजे गणित, भाषा, विज्ञान. आठवड्याला एवढं भरपूर आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रयोगशाळा-शाळेत स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग होता, तो याच जातीच्या विचारातून.

भाषेसाठी एक सुचवते. पाव झाल्यावर मुलांच्या गटांना आपापली कृती लिहू द्या आणि दुसऱ्या गटाला ती वाचून फक्त लिहिलंय तेवढंच करायला सांगा. ‘पाणी घाला’ एवढंच लिहिलं असेल तर समोरचे विचारतील, किती? कशात? थंड की कोमट? वाक्य अपुरं राहिलं हे मग तुम्हाला सांगावं लागत नाही.

सहा वर्षांच्या मुलांना यीस्ट काय असतं ते कसं समजावू? ‘सूक्ष्मजीव’ म्हटलं की त्यांचे चेहरे कोरे होतात.

आधी समजावू नका, आधी दाखवा. तीन सारख्या छोट्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक चमचा कोरडं यीस्ट, एक चमचा साखर आणि सारखंच पाणी घाला: पहिलीत फ्रिजमधलं गार, दुसरीत साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसचं कोमट, तिसरीत ७० अंशांच्या आसपासचं कढत. कढत पाणी तुम्हीच ओता. तोंडांवर फुगे चढवा आणि कोणता फुगेल याचा अंदाज प्रत्येक मुलाकडून फळ्यावर नोंदवून घ्या. अंदाज नोंदवला की मूल बाटलीवरची नजर हटवत नाही.

अर्ध्या-पाऊण तासात कोमट पाण्याचा फुगा उभा राहतो. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. तोच वायू पिठात अडकला की पीठ फुगतं. कढत बाटलीचा फुगा सुरुवातीला किंचित हलेल, तो बाटलीतली हवा तापल्यामुळे. पाणी निवलं की तो पडतो. ही गोष्ट मुलांच्या नजरेला आणून द्या, नाहीतर चुकीचा निष्कर्ष पक्का बसतो.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. गार आणि कढत, दोन्ही बाटल्या आता कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. गार बाटलीतलं यीस्ट हळूहळू कामाला लागतं; कढत बाटलीतलं लागत नाही, कारण ते मेलेलं आहे. एकाला गारठ्याने मंद केलं होतं, दुसऱ्याला उष्णतेने मारलं. यीस्ट जिवंत असतं हे मुलांना इथे कळतं. ‘सूक्ष्मजीव’ हा शब्द त्यानंतर द्या, तो चिकटतो.

माप कपाने घ्यायचं की वजनकाट्याने?

दोन्हीने, आणि आधी कपाने. तीन मुलांना एकेक कप पीठ भरायला सांगा: एकाने चाळून, एकाने नुसतं बुडवून, एकाने दाबून. मग तिन्ही काट्यावर ठेवा. कप तोच असूनही आकडे वेगळे येतात, म्हणजे काटा का हवा याचं उत्तर मुलांनी स्वतःच शोधलेलं असतं.

प्रमाण सोपं आहे: ५०० ग्रॅम पीठ, ३०० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम कोरडं यीस्ट. मळलेला गोळा फुगण्याआधी आणि फुगल्यावर तोला, आणि वजन वाढलं असेल का ते आधी विचारा. बरीच मुलं ‘हो’ म्हणतील. काटा जवळजवळ तोच आकडा दाखवतो. आकार बदलला तरी वस्तू तेवढीच राहते, हे साधारण सात वर्षांखालच्या मुलांना सहज पटत नाही, असं स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मातीच्या गोळ्यांनी दाखवलं होतं. एकदा काटा पाहून सगळ्यांना पटेल अशी अपेक्षा धरू नका.

पीठ फुगायला तास लागतो. तेवढा वेळ मुलं काय करणार?

सरळ उभ्या बाजूंच्या पारदर्शक बरणीत थोडं पीठ ठेवून बाहेरून खूण करा. दर पंधरा मिनिटांनी पट्टीने उंची मोजायची आणि तेवढ्याच लांबीची कागदी पट्टी कापून भिंतीवर लावायची. तासाभरात आलेख तयार. मधल्या वेळात खेळायला सोडा.

माझ्या मुलाला काही पदार्थांची ॲलर्जी आहे. अशा प्रकल्पात त्याने भाग घ्यावा का?

साहित्याची यादी शाळेकडून लेखी मागा. गहू, दूध, अंडी, तीळ किंवा सुकामेवा यांपैकी काही त्याला चालत नसेल तर डॉक्टरांशी बोला. गव्हाची ॲलर्जी असेल तर नुसतं ‘तू खाऊ नकोस’ पुरत नाही, कारण पीठ हवेत उडतं आणि हातांना लागतं. तशा वर्गात सगळ्यांसाठीच दुसरा पदार्थ निवडावा. एकट्या मुलाला बाजूला बसवू नये. आणि ॲलर्जी असो-नसो, कच्चं पीठ कोणीही चाखायचं नाही. त्यात आजार देणारे जीवाणू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात. मळल्यावर हात साबणाने धुवायचे, ओव्हनला हात फक्त मोठ्यांनी लावायचा.

आमचा पाव दगडासारखा झाला, मुलं हिरमुसली. पुन्हा करावा का?

जरूर, पण आधी वर्गात चौकशी करा. पाणी फार गरम होतं का? यीस्ट जुनं होतं का? मीठ जास्त पडलं का? फुगायला वेळ कमी मिळाला का? मुलांनी एकच कारण निवडायचं, पुढच्या वेळी तेवढंच बदलायचं, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पाव छान झाला, तरी कशामुळे झाला ते कळणार नाही. पहिल्या पावाचा एक तुकडा तारीख घालून जपून ठेवा, दुसरा कापल्यावर दोन्हींची जाळी शेजारी ठेवून बघता येईल.