‘सरांना काय म्हणून लिहू?’

विज्ञान शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुले-मुली अलीकडे एकच काळजी घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’, म्हणजे संशोधन प्रकल्पासह पदवी, करावे अशी त्यांची मनापासून इच्छा असते, गुणही पुरेसे असतात, घरच्यांचाही ठाम विरोध नसतो. पण ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली प्रकल्प करायचा, त्यांना विचारण्याची वेळ आली की पाऊल अडते. ‘आधी आणखी थोडे वाचतो, मग लिहितो’ असे म्हणता म्हणता आठवडे जातात आणि अर्जाची मुदत उंबरठ्यावर येऊन उभी राहते. हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

या मुलांची भीती केवळ स्वभावातून आलेली नाही, हे आधी सांगितले पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांतून २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतून २०२४-२५ पासून चार वर्षांच्या पदवीचा आराखडा लागू झाला. म्हणजे आज या टप्प्यावर उभ्या असलेल्या मुलांच्या पुढे फारसे कोणी गेलेलेच नाही. एरवी कँटीनमध्ये बसून सिनिअर जे सांगतात, की अमुक सर वेळ देतात, तमुक मॅडमकडे गर्दी असते, अर्जात एवढेच लिही, ते सांगायला यांना कोणी नाही. माहितीची जागा रिकामी राहिली की मन ती भीतीने भरून काढते, असा माझा अनुभव आहे.

अशीच एक मुलगी माझ्याकडे आली. तिला आपण मृण्मयी म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत, आणि तिच्या कहाणीत इतरही काही जणांचे बोलणे मिसळले आहे. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, पाचव्या सत्रापर्यंतचे गुण ७५ टक्क्यांच्या थोडे वर. पहिल्या भेटीत ती गुणांविषयीच बोलत राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात संशोधनाच्या वाटेसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे, हे तिला तोंडपाठ होते. “अट पूर्ण होईल, मॅडम, पण काठावर. नव्वद टक्केवाली मुले असताना सर मला का घेतील?”

“सरांना विचारलेस?”

“नाही. काय म्हणून लिहू? मला अजून काही येतच नाही.”

पुढच्या भेटीत तिने वही आणली. त्या प्राध्यापकांचे शोधनिबंध तिने उतरवून काढले होते, रंगीत पेनांनी अधोरेखित केले होते आणि प्रत्येक पानाच्या शेवटी न समजलेल्या शब्दांची यादी केली होती. पत्राची एक ओळही लिहिलेली नव्हती. एवढे कष्ट घेणारी मुलगी आळशी नसते आणि तिला धीर देणारी चार गोड वाक्येही उपयोगी पडत नाहीत. तिच्या लेखी ते पत्र म्हणजे आणखी एक परीक्षा होती, आणि परीक्षेला अपुऱ्या तयारीने बसायचे नसते हे तिने आयुष्यभर पाळले होते.

तेव्हा मी तिला असा एक प्रश्न विचारला, ज्यावर माझा फार विश्वास आहे आणि जो मला इतक्या वर्षांच्या कामातूनच सापडला आहे. मी म्हटले, “तुझे उत्तर चुकले आणि तरीही तुला ते सोडून देववले नाही, असे एखादे प्रॅक्टिकल सांग.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एक आहे. पण ते चुकलेलेच होते.”

प्रॅक्टिकल साधे होते. म्युलर-हिंटन अगार म्हणजे जिवाणू वाढवण्याचे जेलीसारखे माध्यम; त्याच्या प्लेटवर जिवाणू पसरायचे, प्रतिजैविकाच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या, रात्रभर उबवायचे आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढल्यामुळे जे स्वच्छ वर्तुळ उमटते, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. मृण्मयीने एकाच प्रतिजैविकाच्या दोन चकत्या समोरासमोर ठेवल्या होत्या. औषध तेच, मात्रा तीच, जिवाणूही तेच. पण एक वर्तुळ दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे लहान आले. तिची पार्टनर म्हणाली, “मोठे मोज आणि लिहून टाक.” जर्नलमध्ये तेच लिहिले गेले.

“आणि मग?” मी विचारले.

“मग मी प्लेट डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून उजेडात बघितली. एका बाजूला अगार जाड होता, दुसऱ्या बाजूला पातळ. आम्ही ओतला तेव्हा ओटा सपाट नसावा.” इथे तिचा आवाज बदलला. बोटांनी टेबलावर प्लेटची कड रेखत ती भरभर बोलू लागली. जाड थरात औषध खालीही झिरपते, त्यामुळे पृष्ठभागावर कमी पसरते आणि वर्तुळ आक्रसते. म्हणून तर अगारची जाडी सुमारे ४ मिलिमीटर ठेवायला सांगतात, पण ते का सांगतात हे तिला त्या दिवशी कळले. पुढच्या आठवड्यात लॅबमधल्या काकांना विनंती करून तिने दोन प्लेटा जास्तीच्या मागून घेतल्या. एक सपाट जागी ओतली आणि दुसरी मुद्दाम एका कडेखाली काचपट्टी सरकवून तिरपी ओतली.

“तिरपी कशासाठी?”

“फरक परत येतो का ते बघायला. आला. सपाट प्लेटवर दोन्ही वर्तुळे जवळजवळ सारखी होती.”

“हे तू कोणाला सांगितलेस?”

“कोणालाच नाही. ते सिलॅबसमध्ये नव्हते ना, मॅडम.”

मी तिला तिचेच वाक्य परत ऐकवले: ‘मला अजून काही येतच नाही.’ ती माझ्याकडे पाहत राहिली. न जुळणारी गोष्ट नजरेस पडली, तिचे कारण सुचले आणि ते खरे आहे का हे तपासण्यासाठी तिने मुद्दाम तोच दोष पुन्हा घडवून पाहिला; हे सगळे तिने कोणी न सांगता, गुणांची आशा नसताना केले होते. आणि ते तिने मनात ‘चुका’ या खात्यावर जमा करून ठेवले होते, कारण गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता. अशी खाती मी कितीतरी मुलांच्या मनात पाहिली आहेत. वर्षानुवर्षे बरोबर उत्तराला गुण मिळत गेले की बरोबर उत्तर म्हणजेच आपली लायकी असे समीकरण पक्के होते. संशोधनाच्या मार्गदर्शकाला मात्र चुकलेल्या उत्तरापाशी रेंगाळणारा विद्यार्थी हवा असतो.

तरी एक गाठ उरलीच होती. “पण सर नाही म्हणाले तर?” तिने विचारले.

“का म्हणतील?”

“त्यांच्याकडे आधीच मुले असतील. किंवा माझे गुण कमी वाटतील.”

“मुले आधीच असतील, तर ते ‘नाही’ कशाबद्दल असेल?”

“जागेबद्दल.”

“आणि गुणांबद्दल असेल तर?”

ती विचार करून म्हणाली, “तर माझ्या गुणांबद्दल.” थोड्या वेळाने तिने स्वतःच पुढे जोडले, “माझ्याबद्दल नाही.”

घाबरवते ती घटना नसते, तिला आपण जोडलेला अर्थ घाबरवतो, ही माझी कामातली मूळ धारणा आहे. ‘मला नकार मिळताच कामा नये’ हा हट्ट मनाने सोडला की नकार वाईट वाटतो, पण पेलतो. मृण्मयीने त्याच संध्याकाळी पत्र लिहिले.

पत्राविषयी थोडे अधिक लिहिते, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. तिच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात ‘मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे’ अशी होती. हे वाक्य काढून टाकावे. प्रत्येक अर्जात ते असते आणि त्यातून कोणाविषयी काहीच कळत नाही. त्या जागी तिने तिरप्या प्लेटची हकीकत चार ओळींत लिहिली, सरांच्या कामातला कोणता भाग तिला समजला आणि कोणता समजला नाही हे दोन ओळींत लिहिले, आणि भेटीसाठी वेळ मागितली. गुणपत्रिका सोबत जोडली, मजकुरात आणली नाही. एकच पत्र नावे बदलून सगळ्यांना पाठवू नये, ते लगेच ओळखू येते. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी. त्यात लाचारी काहीच नाही, प्राध्यापकांची टपालपेटी भरलेली असते इतकेच.

विषयापेक्षा मार्गदर्शक आधी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आराखड्यानुसार प्रकल्पाला १२ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) आहेत आणि हाताशी एकच वर्ष असते, त्यात इतर विषयांचा अभ्यासही चालू राहतो. ‘कर्करोगावर नवे औषध’ यासारखा विषय ऐकायला भव्य वाटतो, पण दर आठवड्याला शेजारी बसून निरीक्षणांची वही पाहणारे कोणी नसेल तर तो विषय मुलांना एकटे पाडतो. म्हणून पहिल्या भेटीतच विचारावे, की आठवड्यातून किती वेळ मिळेल, लागणारे साहित्य प्रयोगशाळेत आहे की मागवायचे आहे, आणि तिथले संशोधक विद्यार्थी शिकवायला तयार आहेत का. आरोग्याशी संबंधित विषय असेल तर आणखी एक प्रश्न कळीचा ठरतो. रुग्णांचे नमुने किंवा त्यांची माहिती वापरायची असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी काम सुरू करण्यापूर्वी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. मंजुरीला वेळ लागतो. ती आधीच मिळालेली आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. उलट विद्यार्थ्याने गृहपाठ केला आहे हे त्यातून दिसते.

मृण्मयीचे वडीलही एकदा येऊन गेले. त्यांची काळजी सरळ होती: “मॅडम, बाकीच्या मुली एम.एस्सी.ला जातील आणि ही पदवीतच एक वर्ष मागे राहील.” मी त्यांना हिशोब मांडून दाखवला. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे आहे, चार वर्षांच्या पदवीनंतर ते एका वर्षात करण्याची तरतूद आहे. एकूण वर्षे पाचच. शिवाय २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही अर्ज करता येतो आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. एक वर्षाचा अभ्यासक्रम आपल्या विद्यापीठात सुरू आहे का, हे मात्र पालकांनी स्वतः जाऊन विचारावे.

तिने तीन ठिकाणी लिहिले. एका ठिकाणाहून जागा नसल्याचे कळले, दुसरीकडून उत्तर आले नाही. तिसऱ्या मार्गदर्शकांनी बोलावले आणि बराच वेळ फक्त त्या तिरप्या प्लेटविषयी विचारले. सगळ्याच प्रतिजैविकांवर जाडीचा परिणाम सारखा होईल का, या प्रश्नाला तिला उत्तर आले नाही. “माहीत नाही, सर, वाचून सांगते,” असे ती म्हणाली, आणि मोठे रेणू अगारमधून हळू सरकतात हे वाचून पुढच्या आठवड्यात सांगायलाही गेली. प्रकल्प तिला तिथेच मिळाला.

सगळ्यांना मिळतोच असे नाही. पीएच.डी.चे मार्गदर्शन करण्यास पात्र असलेले प्राध्यापक ज्या विभागात आहेत तिथेच ही वाट असते, त्यामुळे जागा मोजक्या राहतात. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना मी सांगते की संशोधनाशिवायचे ऑनर्सही चार वर्षांचेच आहे. त्यात प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय घ्यायचे असतात. त्या वर्षात सुटीच्या काळात एखाद्या प्रयोगशाळेत काम मागावे आणि मागताना पत्र याच पद्धतीने लिहावे.