ईमेल गेला, पण नोटीस गेली का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: अमेरिकेत तुमची 22 माणसांची कंपनी, गेल्या वर्षीही एवढीच माणसं, पण कंपनीचा आरोग्य विमा घेतलेले फक्त 15. त्यातल्या एकाने स्वतःहून राजीनामा दिला. कोब्राची (नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा स्वतःच्या पैशांनी काही काळ चालू ठेवू देणारा इथला कायदा, आपल्याकडचे कोब्रा नव्हेत) माहिती तुम्ही त्याच्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवली. आता अडीच महिन्यांनी तो बायकोच्या ऑपरेशनचं बिल घेऊन उभा आहे, आणि तुमच्या पार्टनरचं म्हणणं, "तो आपणहून गेला, आपला संबंध संपला."

बारा वर्षं मी इथे बेनिफिट्सचंच (कर्मचाऱ्यांच्या विम्यासारख्या सोयींचं) काम करतोय, म्हणून सरळ सांगतो. संबंध संपलेला नाही.

कोब्रा तुम्हाला लागू आहे. तो लागू व्हायला 20 कर्मचारी लागतात, पण हा आकडा मोजताना विमा किती जणांनी घेतलाय हे बघत नाहीत. गेल्या कॅलेंडर वर्षात निम्म्याहून अधिक कामाच्या दिवशी 20 किंवा जास्त कर्मचारी होते का, एवढंच बघतात. पार्टटाइमवाले तासांच्या प्रमाणात अपूर्णांकात धरायचे. आणि नोकरी त्याने सोडली की तुम्ही काढलं, यानेही फरक पडत नाही. अपवाद एकच, गंभीर गैरवर्तनामुळे काढलं असेल तर. त्याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही, त्यामुळे त्या वाटेला न जाणंच बरं.

खरी गोची ईमेलची आहे. नोटीस समोरच्याच्या हातात पडलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. ती पोचेल अशा रीतीने पाठवायला हवी, एवढंच म्हणतो. तुम्ही ती ज्या खात्यावर पाठवलीत, ते शेवटच्या दिवशी तुम्हीच बंद केलंत! शिवाय बायकोही त्या प्लॅनवर होती. तिचा हक्क तिचा स्वतःचा आहे, नवऱ्याने नको म्हटलं तरी ती एकटी कोब्रा घेऊ शकते. म्हणून नोटीस दोघांच्या नावाने, शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर, फर्स्ट क्लास टपालाने पाठवायची. एकत्र राहत असतील तर एकच पाकीट चालतं. पोस्टातून पाठवल्याचा दाखला घ्या, किरकोळ पैशांत मिळतो. माझ्या आधीच्या कंपनीत आम्ही एकदा पत्र वेळेवर टाकलं होतं, पण ते सिद्ध करायला आमच्याकडे चिठोरंही नव्हतं. त्यानंतरचे सहा महिने वकिलाशी बोलण्यात गेले.

मुदतींचं गणित असं. नोकरी सुटल्यापासून प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरला (विमा योजनेचा कारभार बघणाऱ्याला) कळवायला मालकाला 30 दिवस, त्याने पुढे नोटीस द्यायला 14. छोट्या कंपनीत बहुतेक वेळा प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे मालक स्वतःच, विमा कंपनी नव्हे, म्हणून एकूण 44. ते तुम्ही ओलांडलेत. नोटीस दिल्यावर किंवा विमा संपल्यावर, जे नंतर घडेल तिथून, त्यांना निवड करायला 60 दिवस मिळतात. म्हणजे तुमच्या बाबतीत त्यांचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही.

तेव्हा आजच नोटीस टाका. त्यांनी हो म्हटलं की विमा बंद झाला त्या दिवसापासून परत चालू होतो, 18 महिन्यांपर्यंत. मागचे हप्ते त्यांनीच भरायचे, पूर्ण प्रीमियमच्या 102 टक्क्यांपर्यंत, आणि पहिल्या भरण्याला निवडीनंतर 45 दिवसांची सवड. तुमचा वाटा गेल्यामुळे आकडा बघून त्यांचे डोळे फिरतील, पण ऑपरेशनच्या बिलापुढे तो बहुधा लहानच दिसेल. दरम्यान ब्रोकरला गाठून विमा कंपनीकडून मागच्या तारखेने चालू करण्याची लेखी कबुली घ्या. तिने उशिराचं कारण देत हात वर केले तर बिल तुमच्या अंगावर येऊ शकतं, म्हणून बेनिफिट्सचा वकील आताच धरा.

दंडाचं म्हणाल, तर नोटीस न दिल्याबद्दल कोर्ट दिवसाला 110 डॉलरपर्यंत लावू शकतं. आयआरएसचा (इथल्या कर खात्याचा) कर वेगळा, दिवसाला माणशी 100, कुटुंबाला जास्तीत जास्त 200 डॉलर. तो स्वतःहून फॉर्म 8928 वर दाखवायचा असतो. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर हा कर सहसा लागत नाही. पार्टनरशी वाद घालण्यात हेच 30 दिवस घालवू नका.

तो माजी कर्मचारी फोन करेल तेव्हा "बघतो, काहीतरी करू" असं मोघम बोलू नका. नोटीस अमुक तारखेला टपालात टाकली, एवढंच सांगा आणि त्या संभाषणाची नोंद ठेवा.

जाता जाता एक. विमा सुरू झाल्यापासून 90 दिवसांत कर्मचाऱ्याला आणि त्याच्या जोडीदाराला कोब्राची एक सर्वसाधारण नोटीसही द्यायची असते. उरलेल्या 14 जणांच्या फायली काढून बघा. माझा अंदाज, तीही दिलेली नसणार.