समुद्राखालून आवाज इतक्या उशिरा का गेला?

प्रश्न : अटलांटिकखालची तारायंत्राची केबल १८६६ पासून व्यवस्थित चालू होती आणि १८७० मध्ये मुंबईसुद्धा समुद्री केबलने इंग्लंडशी जोडली गेली. बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले. मग अटलांटिकपार टेलिफोन केबल सुरू व्हायला १९५६ साल का उजाडावे लागले?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अडचण केबल टाकण्याची नव्हतीच, ती आवाजाच्या स्वरूपात होती. तारायंत्राला सावकाश येणारे ठोके पुरतात, आणि हजारो किलोमीटर जाऊन ते क्षीण झाले तरी नाजूक उपकरणाने टिपता येतात. बोलणे समजण्यासाठी मात्र सेकंदाला तीन हजारांपर्यंतची कंपने शाबूत पोहोचावी लागतात आणि लांब केबलमध्ये नेमकी वरची कंपनेच आधी विरतात. जमिनीवर ठरावीक अंतराने, क्षीण झालेला संकेत पुन्हा जोरदार करणारे प्रवर्धक बसवून आणि त्यातला बिघडलेला व्हॉल्व्ह (हे काम करणारी काचेची निर्वात नळी) बदलून काम भागत होते. पण तीन-चार किलोमीटर खोल पाण्यात व्हॉल्व्ह बदलायला कोण जाणार?

मधल्या काळात, १९२७ पासून, न्यूयॉर्क ते लंडन संभाषण रेडिओलहरींवरून होत असे. सुरुवातीला तीन मिनिटांना ७५ डॉलर पडत आणि एवढे मोजूनही वातावरण बिघडले की पलीकडचा आवाज खरखरीत बुडून जाई.

स्कॉटलंडमधील ओबान ते न्यूफाउंडलंडमधील क्लॅरेनव्हिल ही ‘टॅट-१’ केबल २५ सप्टेंबर १९५६ रोजी खुली झाली. तिच्यात सुमारे ७० किलोमीटरवर एक असे ५१ प्रवर्धक होते. ते एकाच दिशेने चालणारे असल्याने जाण्याची केबल वेगळी आणि येण्याची वेगळी टाकावी लागली. प्रत्येक प्रवर्धकात तीन व्हॉल्व्ह होते आणि त्यांना लागणारी वीज किनाऱ्यावरून केबलमधल्याच तांब्यातून पुरवली जाई. जहाजावरच्या चाकांवरून केबलबरोबर वळत प्रवर्धकही पाण्यात उतरावा, म्हणून त्याचे सुटे भाग लवचीक कवचात एकापुढे एक ओवले होते. केबलच्या आवरणासाठी गटापर्चा या झाडाच्या चिकापासूनच्या जुन्या पदार्थाऐवजी १९३० च्या दशकात सापडलेले पॉलिथिन वापरले होते.

यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. बेल प्रयोगशाळेत व्हॉल्व्हचेच काम करणारा चिमुकला ट्रान्झिस्टर १९४७ मध्येच तयार झाला होता. तरीही त्याच संस्थेच्या अभियंत्यांनी समुद्रतळासाठी व्हॉल्व्हच निवडले, आणि तेही वर्षानुवर्षे चाचणीखाली ठेवलेल्या जुन्या रचनेचे, कारण वीस वर्षे हात न लावता चालेल याची खात्री नव्या वस्तूबद्दल कोणालाच देता येत नव्हती. केबल १९७८ पर्यंत वापरात राहिली. नव्याचा शोध लावणाऱ्यांनीच जुन्यावर भिस्त ठेवावी, असे तंत्रज्ञानात क्वचित घडते!

सुरुवातीला एका वेळी जेमतेम ३६ संभाषणे चालत आणि मागणी तर झपाट्याने वाढू लागली. तेव्हा १९६० मध्ये एक युक्ती जोडण्यात आली. फोनवरचा माणूस साधारण निम्मा वेळ नुसता ऐकत असतो. तो गप्प झाला की त्याची वाहिनी क्षणार्धात दुसऱ्या बोलणाऱ्याला द्यायची आणि त्याने पुन्हा तोंड उघडताच त्याला मिळेल ती मोकळी वाहिनी जोडून द्यायची. एखाद्या शब्दाची सुरुवात कधी कधी तुटे, पण समुद्रात नवी केबल न टाकता संभाषणांची संख्या जवळपास दुप्पट झाली.