द्वेषातून घडलेल्या घटनेवर मुलाखतींचं नाटक करायचं असेल तर किती मुलाखती पुरतात?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा कोल्हापूरचा हौशी ग्रुप आहे, लेखक ठरलाय, दिग्दर्शक ठरलाय, आता फक्त "रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून देणारं कोणीतरी" हवंय. मग लेखक त्यावरून नाटक लिहील, आणि "प्रेक्षक हलला पाहिजे". आमच्या ग्रुपात ती कोणीतरी मी होते, म्हणून लिहायला बसले.

आकडा आधी सांगून टाकते. 'लॅरमी प्रोजेक्ट', म्हणजे मुलाखतींवरून केलेलं ते अमेरिकन नाटक, तुमच्या डोक्यात आहे हे दिसतंच आहे. न्यूयॉर्कची टेक्टॉनिक थिएटर प्रोजेक्ट ही नाटकमंडळी मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याच्या खुनानंतर साधारण महिन्याभरानं, नोव्हेंबर १९९८ मध्ये, वायोमिंगमधल्या लॅरमीला पोचली आणि पुढचं दीड वर्ष जात-येत राहिली. दोनशेच्या वर मुलाखती झाल्या. त्यातून आठ नटांनी साठाहून जास्त माणसं उभी केली आणि २००० साली डेन्व्हरला पहिला प्रयोग झाला. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण मुलाखती घ्यायला नट स्वतः गेले होते, काय ठेवायचं आणि काय काढायचं यावर तेच भांडले, आणि लेखक म्हणून दिग्दर्शक मोइसेस कॉफमनच्या जोडीला त्या मंडळींचंही नाव लागतं, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. तिथे टाइप करणारं कोणीतरी आणि लिहिणारे लेखक अशा दोन जाती नव्हत्या.

आता आमचं. ७ जून २०२३ ला काय झालं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. काहींनी मोबाईलवर ठेवलेले औरंगजेब-टिपूचे स्टेटस, त्याविरुद्ध हिंदुत्ववादी संघटनांची बंदची हाक, शिवाजी चौकातली गर्दी, दगड, लाठीमार, अश्रुधूर, मग नेट बंद. कायद्याच्या हिशोबात ती दंगल. लॅरमीत जे घडलं त्याच्याशी त्याची बरोबरी मी करत नाही. पण एका गटाविषयीचा राग उघड्यावर आला की त्यानंतर गाव कसं वागतं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. आमच्या सरांनी, म्हणजे दिग्दर्शकांनी, त्याच पावसाळ्यात ठरवलं की लोकांना बोलतं करायचं आणि त्याचं नाटक करायचं. कल्पना सरांची, हे श्रेय त्यांचंच. मी बँकेत नोकरी करते, ग्रुपात प्रॉम्प्टिंग आणि कपडेपट बघायचे. माझं मराठी टायपिंग चांगलं, म्हणून सगळी रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर येऊन पडू लागली.

तासाभराचं बोलणं उतरवायला अख्खी संध्याकाळ जाते. मागं घ्या, परत ऐका, पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, परत मागं. पहिल्यांदा ऐकताना माणूस काय म्हणाला ते कळतं. तिसऱ्यांदा ऐकताना तो कुठं अडला आणि कुठं विषय बदलला ते कळायला लागतं. ज्यानं उतरवलं नाही त्याला हे कळत नाही, मग तो कितीही मोठा लेखक असो.

मला पहिल्यांदा काय दिसलं सांगते. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीची सुरुवात एकच. "हे शाहू महाराजांचं कोल्हापूर आहे, इथं असलं काही होत नाही." दुकानदार, रिक्षावाले, प्राध्यापक, गृहिणी, हिंदू, मुसलमान, सगळे. त्याच्या पुढचा शब्द "पण". आणि दगड मारणारी पोरं कायम बाहेरची, आपली एकही नाही. कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांवर सकाळच्या फेरीत गोळ्या झाडल्या गेल्या ते फेब्रुवारी २०१५, त्याच शहरात, हे एकालाही त्या क्षणी आठवलं नाही. मी सरांना म्हटलं, ही सगळी वाक्यं एकामागून एक ठेवू. आठ-दहा माणसं येतील, तेच म्हणतील, तसंच "पण" म्हणून थांबतील. प्रेक्षक आधी हसेल, मग हसू थांबेल. सर म्हणाले, पुनरावृत्ती होते, एकच ठेव. ते एकही शेवटाला नेलं त्यांनी, शाहू महाराजांच्या फोटोवर लाईट आणि मागे तुतारी.

एक टेलर होते. शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. जून महिना म्हणजे त्यांचा सीझन, शाळा उघडायच्या तोंडावर दुकानात कापडाचे गठ्ठे. मुलाखतीत त्यांचं पालुपद एकच, "मला काय झालं न्हाई ओ." दुकानावर दगड नाही, अंगाला हात नाही, शिवी नाही. सर विचारतायत, भीती वाटली का, काही बघितलंत का, आणि ते परत, "खोटं कशाला बोलू, मला काय झालं न्हाई." रेकॉर्डिंग संपत आलं आणि सरांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आहे. तेवढ्यात ते सहज बोलून जातात की बंदनंतर काही गिऱ्हाईकं आली आणि शिवायला टाकलेलं कापड परत घेऊन गेली. "घाई हाय म्हणाली. मी म्हटलं, उद्या देतो. न्हाई, ऱ्हाऊ दे म्हणाली. माप मी घेतलेलं, वहीत तसंच हाय." मग ते वहीची पानं उलटतात, तो आवाज मोबाईलवर स्पष्ट येतो.

मी ते उतरवलं आणि सरांना फोन केला, म्हटलं नाटक इथं आहे. सर म्हणाले, "अगं, पण त्याला काही झालंच नाही. मग नाटक कुठाय?"

दुसरा एक पोरगा होता, कॉलेजातला. "मी नुसतं बघाय गेलतो" असं म्हणत होता. मध्येच त्याची आई चहा घेऊन येते आणि म्हणते, "सांग की, हातात काय होतं ते." यानंतर बराच वेळ कुणी बोलत नाही, मग सर दुसरा प्रश्न विचारतात. हा पोरगा सरांनी नाटकातून काढला. कारण दिलं की अशा लोकांना व्यासपीठ कशाला द्यायचं. मला हे तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. लॅरमीच्या नाटकात समलिंगी लोकांचा उघड द्वेष करणारा पाद्री बोलतो, आरोपींना लहानपणापासून ओळखणारी माणसं बोलतात. मॅथ्यूला ज्या रात्री दवाखान्यात आणलं त्याच रात्री मारणाऱ्यांपैकी एकालाही जखमा दाखवायला तिथंच आणलं होतं, आणि एकाच डॉक्टरनं काही न कळता दोघांना तपासलं, ते त्या डॉक्टरच्या तोंडून येतं. मारणारी पोरं गावातलीच होती, ही गोष्ट गावाच्या घशाखाली उतरत नाही, यावरच तर ते नाटक उभं आहे. आमचा पोरगा काढला आणि आमच्या नाटकातही दगड मारणारे बाहेरचे झाले. म्हणजे मुलाखतीत लोकांनी जी थाप मारली तीच आम्ही तालमीत बसवली!

टेलरचं तर विचारू नका. कापड परत नेण्याचा भाग गेला. त्याऐवजी चार पोरं दुकानात शिरतात, शिलाई मशीन उलथतात, टेलरला मारतात, लाल लाईट, ढोल. शाहू स्मारकला प्रयोग झाला. लोक रडले, उभं राहून टाळ्या वाजवल्या, एका वयस्कर बाईंनी सरांचा हात हातात घेतला. प्रेक्षक हलला, तुम्हाला जसा हवाय तसाच.

त्यानंतर मी माझे ब्लाऊज द्यायला त्या टेलरकडे गेले होते. त्यांना कुणीतरी नाटकाचं सांगितलं होतं. नाव बदललं होतं, पण गल्ली, युनिफॉर्म, चष्मा, सगळं तेच. ओळखायला कितीसा वेळ लागतो? ते चिडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मला मारल्याचं दावलंय म्हनं. आता लोकं इच्यारत्यात, कुणी मारलं, केस केली का. मी म्हणतो कुणी न्हाई मारलं, तर म्हणत्यात भितोय. आता गिऱ्हाईक यायचं ते बी बिचकतंय." सरांना हे सांगितलं तर म्हणाले, कलेत एवढं स्वातंत्र्य असतं. मी ग्रुप सोडला.

मॅथ्यू शेपर्ड 'लॅरमी प्रोजेक्ट'मध्ये पात्र म्हणून येतच नाही. एकवीस वर्षांचा मुलगा, कुंपणाला बांधून मारलेला, सुमारे अठरा तास तसाच पडलेला, १२ ऑक्टोबर १९९८ ला गेला. ती मारहाण रंगमंचावर दाखवायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी दाखवली नाही. ज्यानं त्याला शोधलं तो सायकलवाला मुलगा सांगतो, पोचलेली पोलीस बाई सांगते, बारमधला माणूस सांगतो, बस. सर, तुम्ही हे वाचत असाल (वाचता, मला माहीत आहे) तर हे तुमच्यासाठी.

दहा वर्षांनी तीच मंडळी परत लॅरमीला गेली तेव्हा गावातले काही जण म्हणत होते की द्वेष वगैरे काही नव्हतं, ती लुटालूट होती, नशापाण्याचं प्रकरण होतं. कोर्टात काय आलं ते सगळ्यांसमोर होतं, दोघांना जन्मठेपा झाल्या होत्या, तरी गावानं स्वतःसाठी सोयीची गोष्ट तयार केली होती. त्यावर त्यांनी दुसरा भाग केला, २००९ मध्ये. तुमचा ग्रुप खरंच टिकणार असेल तर ज्यांच्याशी आज बोलाल त्यांच्याकडे काही वर्षांनी परत जा. माझा अंदाज आहे, "मला काय झालं न्हाई" म्हणणारे तेव्हा वेगळं बोलतील, आणि "लई वाईट झालं" म्हणणारे म्हणतील काही झालंच नव्हतं.

तुमच्या मूळ प्रश्नाचं: किती पुरतात हे मोजून ठरत नाही. लोक तेच तेच बोलायला लागले की पुरल्या असं सगळे सांगतात, मला ते उलटं वाटतं. तेच तेच ऐकू यायला लागलं की तिथून काम सुरू होतं.

काही गोष्टी राहिल्या. रेकॉर्डिंग करण्याआधी लेखी परवानगी घ्या आणि तालमीच्या आधी त्या माणसाला त्याचं बोलणं वाचून दाखवा; नको म्हणाला तर काढून टाका, रडू नका. केस कोर्टात चालू असेल तर आधी वकिलाला संहिता दाखवा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागणार आहे, ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. आणि हो, सगळेच दिग्दर्शक आमच्या सरांसारखे नसतात. शिवाय सरांचा तो प्रयोग बघून आमच्या गल्लीतली दोन पोरं पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल घरात बोलली, हेही खरं आहे.

एवढं सांगूनही टाइप करायला बाहेरचं माणूस घेणारच असाल तर जाहिरातीत त्याचं नाव लेखकाच्या शेजारी, त्याच आकारात छापा. आणि पेट्रोलचे पैसे द्या. मला मिळाले नव्हते.