पॅरोल, फर्लो आणि ‘सुटला’

प्रश्न असा आहे: बातम्यांत कैदी कधी ‘पॅरोलवर सुटला’ असे येते, कधी ‘फर्लोवर सुटला’. कारागृहाच्या कागदांत मात्र ‘अभिवचन रजा’ आणि ‘संचित रजा’ असे शब्द दिसतात. हे सगळे एकच का, आणि मराठीत लिहिताना काय लिहावे?

एकच नव्हे. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा आणि फर्लो म्हणजे संचित रजा. दोन्हींचा आधार १९५९ चे मुंबई फर्लो व पॅरोल नियम. त्या वेळी राज्य द्वैभाषिक होते, त्यामुळे हे नियम पुढे गुजरातेतही चालू राहिले.

‘फर्लो’ मुळात डच भाषेतला, रजा किंवा परवानगी या अर्थाचा. इंग्रजी अमदानीत गोरे अधिकारी लांब रजेवर विलायतेला जात, ती फर्लो. कैद्याच्या बाबतीत ‘संचित’ हे विशेषण फार नेमके बसले आहे. शिक्षेचा ठरावीक काळ भोगला, वर्तणूक चांगली राहिली, की कैदी या रजेला पात्र होतो. त्यासाठी घरात मयत किंवा लग्न असावे लागत नाही. घरच्यांशी नाते टिकावे आणि सलग बंदिवासाने माणूस खचू नये, एवढे कारण नियमाला पुरते. तरीही ‘संचित’ या शब्दावरून ती हक्काने वसूल करता येते असे समजू नये. असा कायदेशीर हक्क मिळत नाही हे नियमांतच सांगितले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात तेच स्पष्ट केले.

अभिवचन रजेला मात्र कारण लागते: जवळच्या माणसाचा मृत्यू, लग्न, गंभीर आजार, पत्नीचे बाळंतपण, पुरात किंवा आगीत गेलेले घर. ‘पॅरोल’ फ्रेंचमधून आला. त्याचा अर्थ दिलेला शब्द. युद्धकैद्याने ‘पुन्हा शस्त्र धरणार नाही’ असा शब्द दिला की त्याला सोडत. ‘अभिवचन’ हा त्याचा अगदी तोलामोलाचा प्रतिशब्द. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो ठायी ठायी भेटला असेल. व्यवहारात मात्र नुसत्या शब्दावर भागत नाही. नातेवाईक जामीन राहावा लागतो, पोलीस ठाण्याचा अहवाल यावा लागतो, आणि हा अहवाल अडला की अर्जही अडतो. मयताच्या बाबतीत अशी दिरंगाई झाली, तर त्या रजेला काय अर्थ उरतो?

खरा फरक दिवसांच्या हिशेबात आहे. संचित रजेचे दिवस शिक्षेतली सूट म्हणून धरले जातात, अभिवचन रजेचे धरले जात नाहीत. तेवढे दिवस पुढे आत काढावे लागतात. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षे मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. बातमीदाराने दोन शब्दांची अदलाबदल केली, तर वाचणाऱ्या कुटुंबाच्या मनातली सुटकेची तारीखच चुकते. म्हणून हा फरक मला किरकोळ वाटत नाही.

आता ‘सुटला’. माझा खरा आक्षेप या क्रियापदाला आहे. रजेवरचा कैदी सुटलेला नसतो. त्याची शिक्षा संपलेली नसते, परतण्याची तारीख ठरलेली असते, आणि तो आला नाही तर त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘सुटला’ वाचून शेजारी हादरतात, फिर्यादीच्या घरी धास्ती बसते, आणि रजेवर येऊन मुलांना भेटणाऱ्या माणसाकडे पळून आल्यासारखे पाहिले जाते. ‘संचित रजेवर घरी आला’ असे लिहायला दोनच शब्द जास्त लागतात. ‘सुटला’ हे शिक्षा संपलेल्यासाठी किंवा निर्दोष ठरलेल्यासाठी राखून ठेवावे. खटला चालू असलेला न्यायाधीन बंदी बाहेर येतो तो जामिनावर. त्याला पॅरोल जोडू नये.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिकी मजकुरातला पॅरोल म्हणजे रजा नव्हे. तिथे शिक्षेचा काही भाग आत काढल्यावर उरलेला काळ बाहेर, देखरेखीखाली आणि अटींवर काढायचा असतो; अटी मोडल्या तर परत आत. १९८४ च्या शिक्षा-सुधारणा कायद्याने तिथल्या संघराज्य पातळीवर नव्या गुन्ह्यांसाठी तो बंदही केला. अनेक राज्यांत तो अजून आहे. अशा ठिकाणी ‘अभिवचन रजा’ लिहिले तर वाक्याचा अर्थच उलटतो. ‘सशर्त मुक्तता’ लिहावे, किंवा पॅरोल ठेवून एका वाक्यात खुलासा करावा.

आणि ‘परिवीक्षा’ या दोन्हींहून वेगळी: १९५८ च्या कायद्याप्रमाणे न्यायालय गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडते, ती. तिथे रजेचा प्रश्नच नाही, कारण माणूस आत गेलेलाच नसतो.