गुप्तदान करावे की स्वतः मदत करावी?

वसईतील एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. वय ६३, निवृत्तिवेतन दरमहा ३८ हजार, मुदतठेवी २२ लाखांच्या, आरोग्य विमा ५ लाखांचा, राहते घर स्वतःचे, मूलबाळ नाही. यजमानांच्या निधनानंतर विम्याचे ६ लाख रुपये हाती आले असून त्यांतले ३ लाख त्यांच्या स्मरणार्थ दान करावेत, असे बाईंच्या मनात आहे. ही रक्कम पाकिटात घालून, नाव न लिहिता, धर्मग्रामातील (पॅरिशमधील) संत विन्सेंट डी पॉल सोसायटीला, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेला, द्यावी, की घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीचा जीएनएम नर्सिंगचा खर्च स्वतः उचलावा, हा त्यांचा प्रश्न आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि वसतिगृह धरून वर्षाला सुमारे ९० हजार रुपये लागतील. मत्तयच्या शुभवर्तमानात दान करताना उजव्या हाताचे डाव्या हातालाही कळू देऊ नये असे सांगितले आहे आणि त्याच प्रवचनात, एक अध्याय आधी, आपली सत्कृत्ये लोकांना दिसावीत असेही म्हटले आहे. मग मी कोणते ऐकू, असे त्या विचारतात.

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

वचनांचा अर्थ लावणे धर्मगुरूंकडे सोपवून मी आधी आकडे पाहतो. आपल्या एकूण २८ लाखांपैकी ३ लाख म्हणजे साधारण ११ टक्के रक्कम जाईल आणि सात टक्के दराने वर्षाला २१ हजारांचे व्याज बुडेल. दरमहा पावणेदोन हजारांची ही तूट आपल्या निवृत्तिवेतनाला जड नाही. आजारपणासाठी ५ लाखांच्या विम्याखेरीज मुदतठेवींतील निदान ५ लाख कोणत्याही कारणाने न मोडण्याचे ठरवा, म्हणजे दानाच्या रकमेकडे पुन्हा वळून पाहण्याची वेळ येणार नाही.

प्राप्तिकराचा विचार येथे सोडून द्यावा. आपले निवृत्तिवेतन आणि व्याज मिळून वर्षाचे उत्पन्न सव्वासहा लाखांच्या आत आहे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही आणि त्या प्रणालीत देणगीवरची ८०जी कलमाची वजावट मिळतही नाही. पावतीवर कर वाचवायचा म्हणून अमुक संस्थाच निवडावी, असे आपल्या बाबतीत काही उरत नाही. (हे सुख सर्वांच्या वाट्याला येत नाही; माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा दानाविषयीचा पहिला प्रश्न वजावटीचाच असतो.)

पाकिटाचा बेत मात्र मोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि तिचा भंग झाल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. शिवाय देणाऱ्याचे नाव-पत्ता ज्या देणगीसाठी नोंदवलेला नसतो, ती कायद्याच्या भाषेत निनावी देणगी ठरते. निव्वळ धर्मादाय न्यासाला अशा देणग्यांवर, १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांचे ५ टक्के यांपैकी जे अधिक असेल त्याच्या वरच्या रकमेवर, ३० टक्के कर भरावा लागतो. वर्षाला १०-१५ लाख जमा करणाऱ्या लहान न्यासाच्या पेटीत आपले ३ लाख पडले, तर २ लाखांवर ६० हजार रुपये आणि वर उपकर, म्हणजे एका मुलीची वर्षभराची वसतिगृहाची सोय सरकारी तिजोरीत जाईल. निव्वळ धार्मिक न्यासांना यातून सूट आहे. धार्मिक आणि धर्मादाय अशा दुहेरी न्यासांनाही ती आहे, परंतु शिक्षणसंस्था किंवा रुग्णालयासाठी म्हणून नेमून दिलेल्या निनावी देणगीला नाही. आपली सोसायटी यांपैकी कशात मोडते हे खजिनदारांना आणि त्यांच्या सीएंना विचारावे लागेल. त्यापेक्षा धनादेश देऊन नाव-पत्ता नोंदवणे सोपे. नाव नोंदवहीत राहील. ते सूचनाफलकावर लावू नये आणि मिस्सानंतर (चर्चमधील उपासनेनंतर) जाहीर करू नये, एवढे लेखी कळवले की आपल्याला हवी असलेली गुप्तता अबाधित राहते.

यावर आपण म्हणाल, मग मावशींच्या मुलीची फी मीच भरते, त्यात लपवाछपवी कशाला? येथे मला सर्वांत अधिक काळजी वाटते, आणि ती पैशांची नाही. मावशी आपल्याकडे पगारावर काम करतात. ज्या दिवशी त्यांच्या लेकीची ९० हजारांची फी आपण भराल, त्या दिवसापासून त्यांना पगारवाढ मागता येणार नाही, दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी काम सोडता येणार नाही आणि दिवाळीत चार दिवसांची रजा हवी असली तरी तोंड उघडताना जीभ अडखळेल. आपण कधी ते बोलून दाखवणार नाही, हे पत्रावरूनच कळते; पण मनावरचे ओझे बोलून दाखवावेच लागते असे नाही. मुलगी दुसऱ्या वर्षी एखाद्या विषयात नापास झाली, किंवा तिला नर्सिंग नकोसेच झाले, तर ती आणि तिची आई ही गोष्ट आपल्यापासून तीन महिने लपवतील. अनोळखी गरजूला मदत करताना नाव सांगितल्याने फारसे बिघडत नाही, मात्र आपल्याच हाताखाली असलेल्या माणसाला मदत करताना ते झाकणे ही त्याच्या मानाची गरज आहे.

निनावी दानाची उणीवही तितकीच खरी आहे. पेटीत टाकलेल्या पैशाला मुलगी वर्गात जाते की नाही, हे विचारता येत नाही. म्हणून दोन्हींच्या मधला मार्ग सुचवतो, आणि तो आपल्या सोसायटीच्या रीतीतच आहे. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम सुरू केले, तेव्हापासून गरजूच्या घरी स्वतः जाऊन भेटणे हा त्याचा गाभा राहिला आहे. आणि याच सभासदांच्या बैठकीत कोणी किती टाकले हे कळू नये अशा बेताने गुप्त वर्गणी गोळा करण्याची प्रथाही आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्यानेही जखमी माणसाला स्वतः उचलून उतारशाळेत नेले, पण पुढच्या सोयीसाठी दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हाती ठेवली आणि अधिक खर्च झाला तर परत येताना भरून देईन असे सांगितले. त्या गोष्टीत त्याचे नाव कोठेही येत नाही. पैशाच्या व्यवहारात मला तो मालक महत्त्वाचा वाटतो: हिशेब ठेवणारा, रोज विचारपूस करणारा आणि दोन्ही बाजूंना ओळखणारा.

तेव्हा धर्मग्रामातील कॉन्फरन्सशी, म्हणजे सोसायटीच्या स्थानिक शाखेशी, बोलून पाहा. त्यांच्या नियमांत बसत असेल तर २ लाख ७० हजारांची जबाबदारी आपण घ्यावी, फी कॉन्फरन्सच्या धनादेशाने थेट महाविद्यालयात जावी आणि घरी जाऊन विचारपूस करण्याचे काम सभासदांनी करावे. एका ठरावीक मुलीसाठी दिलेल्या या पैशावर वजावटीची अपेक्षा ठेवू नये. कॉन्फरन्सला ते जमत नसेल तर महाविद्यालयाच्या खात्यात आपणच रक्कम भरावी आणि पावती मुलीच्या नावे घ्यावी. डिमांड ड्राफ्ट काढून मुलीच्या हाती मात्र देऊ नये, कारण रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून ड्राफ्टच्या दर्शनी बाजूवर तो काढणाऱ्याचे नाव छापले जाते. मावशींच्या खात्यात पैसे घालण्याचेही टाळावे. नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात ५० हजारांहून अधिक मिळाले तर संपूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात मोजली जाते. त्यांना कर पडणार नाही हे खरे, पण विचारणा आली तर ती त्या घरात कोण निस्तरणार?

पहिल्या वर्षाचे ९० हजार बचत खात्यात ठेवा, उरलेले दोन हप्ते एक आणि दोन वर्षांच्या दोन वेगळ्या मुदतठेवींत. म्युच्युअल फंडात अजिबात नको. ज्या फीची तारीख ठरलेली आहे, तिच्यासाठी बाजाराची वाट पाहता येत नाही. कोर्स संपेपर्यंतचे सगळे पैसे बाजूला काढल्याशिवाय पहिला हप्ताही भरू नये, कारण अर्ध्यावर सोडलेली फी ही मुलीला न दिलेल्या फीपेक्षा अधिक नुकसानीची असते.

या दोन ठेवींवर वारसनोंद करावी आणि मृत्युपत्रात त्यांचा उद्देश लिहून ठेवावा. बाकीच्या संपत्तीचा काही भागही मृत्युपत्राने धर्मादाय कामाला देण्याचा विचार आपण पत्राच्या शेवटी मांडला आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला अशा देणगीसाठी मृत्यूच्या किमान १२ महिने आधी मृत्युपत्र करावे लागे. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली जॉन वल्लामट्टम खटल्यात घटनाबाह्य ठरवले, त्यामुळे ती अडचण आता नाही. तरी दीर किंवा भाचे पुढे वाद घालतील अशी शंका असेल तर मृत्युपत्र नोंदणीकृत करून घ्या.

उरलेले ३० हजार आपण म्हणता तसे, निनावी आणि कोणत्याही अटीविना, कॉन्फरन्सच्या गुप्त वर्गणीत दोन-तीन वेळा थोडेथोडे करून टाकावेत. वर सांगितलेल्या मर्यादांचा इतक्या रकमेला अडसर सहसा येत नाही, आणि औषधाचे बिल किंवा थकलेले वीजबिल यांसाठी अशा सुट्या पैशाची त्यांना नेहमीच चणचण असते. प्रवेशाआधी महाविद्यालयाकडून मात्र तिन्ही वर्षांचे शुल्कपत्रक लेखी घ्यावे आणि ते महाविद्यालय महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे मान्यताप्राप्त आहे का, हे कॉन्फरन्सच्या कोणा सभासदाकडून तपासून घ्यावे.