‘इफ यू कुड सेंड मी दॅट बाय फ्रायडे’ – आणि पुढे?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. एका नोट्समधे सबऑर्डिनेट क्लॉजचे तीन प्रकार दिलेत, युट्यूबवरचे एक सर नऊच्या वर सांगतात. खरे किती? – एक वाचक, लातूर

तीनच धरा. सबऑर्डिनेट क्लॉज म्हणजे मोठ्या वाक्याच्या आत बसलेलं, स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेलं छोटं वाक्य. नाउन क्लॉज, ऍडजेक्टिव्ह क्लॉज म्हणजेच हल्लीचा रिलेटिव्ह क्लॉज, आणि ऍडव्हर्ब क्लॉज. ते सर ऍडव्हर्ब क्लॉजचे टाइम, प्लेस, रीझन, कंडिशन, पर्पज, रिझल्ट वगैरे पण सुटे मोजत असणार, म्हणजे घरमालकांसोबत पोटभाडेकरूही यादीत. चूक नाही, पण परीक्षेत गोंधळ होतो.

खरा गोंधळ मात्र वेगळाच आहे. मुलं पाठ करतात की ‘व्हेन’ दिसलं की टाइमचा ऍडव्हर्ब क्लॉज, आणि तिथेच मार्क जातात. ही तीन वाक्यं बघा: ‘आय नो व्हेन ही केम’, ‘आय रिमेंबर द डे व्हेन ही केम’, ‘आय लेफ्ट व्हेन ही केम’. शेवटचे तीन शब्द तेच, पण पहिल्यात नाउन क्लॉज, दुसऱ्यात ऍडजेक्टिव्ह, तिसऱ्यात ऍडव्हर्ब. पहिल्यात क्लॉज काढून तिथे ‘समथिंग’ घाला, ‘आय नो समथिंग’, बसलं ना? मग नाउन. दुसऱ्यात ‘कुठला दिवस’ याचं उत्तर मिळतं आणि तिसऱ्यात ‘कधी निघालो’ याचं. क्लॉज कशाने सुरू होतो ते नका बघू, वाक्यात काय काम करतो ते बघा.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, क्लायंट इंग्लंडचा. तिथल्या मॅडम कॉलवर म्हणतात, ‘इफ यू कुड सेंड मी दॅट बाय फ्रायडे’ आणि थांबतात. मी पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. सबऑर्डिनेट क्लॉज एकटा उभा राहू शकत नाही असं शाळेत शिकवलं होतं, मग यांचं इंग्रजी कच्चं का? – एक वाचक, पुणे

अहो वाट कसली बघताय, काम सांगून झालंय, फ्रायडेच्या आत पाठवून द्या! ती पूर्ण विनंती आहे आणि चांगली अदबशीर विनंती आहे. आपणही एसटीत ‘जरा सरकून बसलात तर...’ एवढंच म्हणतो आणि समोरचा सरकतो, ‘तर काय?’ असं विचारत नाही. निकोलस इव्हान्स या ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञाने 2007 मधे या एकट्या फिरणाऱ्या क्लॉजवर मोठा लेख लिहिला आणि त्याला ‘इनसबऑर्डिनेशन’ म्हटलं, आणि हा प्रकार फक्त इंग्रजीत नाही, जगभरच्या भाषांत सापडतो असं दाखवलं.

आता तुमच्या पत्रामागे जी समजूत आहे ना, की बोलताना सोपी सुटी वाक्यं असतात आणि क्लॉजबिज सगळं लिहिण्यात, तीच मुळात बरीचशी उलटी आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी 1999 मधे जे मोठं इंग्रजी व्याकरण काढलं, त्यासाठी त्यांनी साधारण चार कोटी शब्दांची खरी इंग्रजी भाषा तपासली, गप्पा, कथा-कादंबऱ्या, बातम्या आणि शास्त्रीय लेखन अशी. त्यात दिसलं की ‘इफ’वाले, ‘बिकॉज’वाले आणि ‘आय थिंक’, ‘ही सेड’ नंतर येणारे क्लॉज शास्त्रीय लेखनापेक्षा गप्पांमधे जास्त असतात. रिलेटिव्ह क्लॉजचं मात्र उलट, ते लिहिण्यात जास्त.

का, तर बोलणाऱ्याला विचार करायला वेळ नसतो, तो एक क्लॉज बोलतो, त्याला दुसरा जोडतो, मग आठवलं म्हणून तिसरा. लिहिणारा तोच मजकूर नामांमधे दाबून भरतो. माणूस बोलताना म्हणेल ‘पीपल आर अँग्री बिकॉज प्राइसेस हॅव गॉन अप’, पेपरवाला लिहील ‘द राइज इन प्राइसेस हॅज कॉज्ड पब्लिक अँगर’. दुसऱ्यात एकही सबऑर्डिनेट क्लॉज नाही, तरी तेच अवघड वाटतं. मायकल हॅलिडे हे 1980 च्या दशकातच सांगत होते की बोली भाषा गुंतागुंतीची असते आणि लिखित भाषा दाट असते. आपल्या ‘डू ऍज डायरेक्टेड’मधे सिंपलचं कॉम्प्लेक्स, म्हणजे सबऑर्डिनेट क्लॉज असलेलं वाक्य, करून मुलांना वाटतं की कॉम्प्लेक्स म्हणजे भारी लिखित इंग्रजी. तसं काही नाही.

आणखी एक, त्या मॅडम ‘दॅट’ फार कमी वापरत असतील. ‘आय थिंक ही हॅज लेफ्ट’ असंच, मधे ‘दॅट’ नाही. गप्पांमधे ते गाळणं हाच नियम आणि शास्त्रीय लेखनात ठेवणं हा नियम. आणि शाळेच्या हिशोबाने इथे ‘आय थिंक’ हा मेन क्लॉज, पण खरी बातमी तर सबऑर्डिनेटमधेच आहे, माणूस निघून गेला ही. पुरावा हवाय? शेवटी प्रश्न जोडून बघा, ‘आय थिंक ही हॅज लेफ्ट, हॅजन्ट ही?’ असंच म्हणतात, ‘डोन्ट आय?’ कोणी म्हणत नाही. शिवाय ते ‘आय थिंक’ उचलून शेवटी टाकलं तरी चालतं. मला विचाराल तर बिचाऱ्याला मेन क्लॉज म्हणणं परीक्षेपुरतं ठीक आहे, त्यापलीकडे फार अर्थ नाही.

प्रश्न : मी ‘विच’ लिहिलं की वर्ड खाली रेघ मारतं आणि ‘दॅट’ सुचवतं. आणि ‘हूम’ वापरायचं की नाही? – एक वाचक, ठाणे

ती रेघ बऱ्यापैकी अमेरिकन आहे. 1926 मधे हेन्री फाउलर या इंग्रज माणसाने सुचवलं की ज्याच्याशिवाय अर्थच लागत नाही त्या क्लॉजला ‘दॅट’ आणि स्वल्पविराम देऊन जोडलेल्या जादा माहितीला ‘विच’ अशी वाटणी करावी. गंमत म्हणजे इंग्लंडमधल्या लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, अमेरिकन संपादकांनी घेतलं. तेव्हा ‘द फाइल विच यू सेंट’ चूक नाही, क्लायंट अमेरिकन असेल तर ‘दॅट’ करून टाका. स्वल्पविरामानंतर मात्र ‘दॅट’ नको, तिथे ‘विच’च. आणि तो स्वल्पविराम जपून हं. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक’ म्हटलं तर आणखी भाऊ असावेत, त्यातला नाशिकचा, आणि ‘ब्रदर’नंतर स्वल्पविराम दिला तर तो एकच, आणि तो राहतो नाशिकला. बोलताना हेच काम छोटा थांबा आणि आवाजाचा उतार करतो.

‘हूम’ बोलण्यातून जवळपास गेलंय. ‘द मॅन आय मेट’ म्हणा, मोकळे व्हा. पण हे गाळणं फक्त क्लॉजमधे तो शब्द ऑब्जेक्ट असेल तरच चालतं. ‘द मॅन लिव्ज नेक्स्ट डोअर इज अ डॉक्टर’ असं नाही चालत, तिथे ‘हू’ लागेलच.

प्रश्न : आठवीची मुलं ‘आय आस्क्ड हिम दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असं लिहितात. कितीही सांगा, सुटत नाही. – एक शिक्षिका, कोल्हापूर

बाई, ते मराठीतून येतं म्हणून सुटत नाही. ‘मी त्याला विचारलं की तू कुठे चाललास’ यात ‘की’ येतो आणि पुढे प्रश्न जसाच्या तसा. इंग्रजीत प्रश्नाच्या आधी ‘दॅट’ येतच नाही, आणि आत गेलेला प्रश्न साध्या वाक्यासारखा सरळ होतो, ‘आय आस्क्ड हिम व्हेअर ही वॉज गोइंग’. हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. मुलांना आधी मराठी वाक्यच फळ्यावर लिहून ‘की’वर काट मारून दाखवा, मग इंग्रजीकडे वळा. ‘जरी-तरी’मुळे येणारं ‘ऑल्दो... बट’ पण त्याच तासाला उरकून घ्या, दोन्हींतलं एकच ठेवायचं.

प्रश्न : वाक्य ‘बिकॉज’ने सुरू केलं तर चालतं का? – एक वाचक, मडगाव

चालतं. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’ एकदम बरोबर. लहान मुलं नुसतं ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ लिहून फुलस्टॉप देतात म्हणून शाळेत सरसकट बंदी घालतात, एवढंच. आणि हल्ली लोक ‘लेट, बिकॉज ट्रॅफिक’ असं क्लॉजही न करता नुसतं नाम ठोकतात ना, त्या वापरामुळे अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने 2013 चा वर्षाचा शब्द म्हणून ‘बिकॉज’लाच निवडलं होतं. मित्राला बिनधास्त पाठवा, रजेच्या अर्जात नको.